अग्नी, माती आणि लेप : सिरॅमिक संमिश्रांच्या संरक्षक लेपांचा एक तौलनिक परिचय

१. घाट आणि प्रश्न

कार्तिक पौर्णिमेच्या रात्री दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा लागतात. याच तिथीला, शके १४९५ मध्ये, एकनाथांनी याच नगरीत आपली भागवतटीका पूर्ण केली. त्यामुळे मराठी अभ्यासकाला काशीतील ही देवदिवाळी अगदीच परकी वाटत नाही. पणती लावण्यापूर्वी ती काही वेळ पाण्यात भिजत ठेवण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. कोरी पणती तेल पिते. भिजवलेल्या पणतीची सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरलेली असल्याने तेल वातीसाठी शिल्लक राहते. या साध्या गृहकृत्यात एक तत्त्व दडलेले आहे. भाजलेली माती अग्नी सहज सोसते, पण अग्नीबरोबर येणाऱ्या इतर पदार्थांना ती आपल्या अंगात शिरू देते. तेव्हा मातीला अग्नीपासून वाचवणे ही एक गोष्ट आणि अग्नीच्या सोबत्यांपासून वाचवणे ही निराळी गोष्ट आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या गोष्टीशी निगडित आहे.

विमानांची व वीजनिर्मितीची वायुचक्की-इंजिने, अग्निबाणांच्या नळ्या, अवकाशातून परतणाऱ्या यानांची अग्रभागे यांसाठी गेल्या काही दशकांत ‘सिरॅमिक संमिश्र’ नावाचे पदार्थ वापरात आले. हे पदार्थ स्वतः उच्चतापसह असूनही त्यांच्यावर संरक्षक लेप चढवावाच लागतो. जो पदार्थ अग्नीत टिकावा म्हणूनच घडवला, त्याला पुन्हा वेगळे संरक्षण का लागावे, हा प्रश्न तंत्रशास्त्राचा आहे खरा. परंतु त्याचे उत्तर शोधताना काशीतील दोन ग्रंथपरंपरा, याज्ञिकांची आणि रसशास्त्राची, वाटेत भेटतात. त्यांची आधुनिक पदार्थविज्ञानाशी तुलना करता येते का, येत असल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न मात्र तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचा आहे. म्हणून येथे विषयाचा परिचय करून देतानाच तुलनेच्या पद्धतीचाही विचार केला आहे.

दशाश्वमेध या स्थळनामाचाच आधार घेऊन सुरुवात करता येईल. काशीखंडातील कथेनुसार ब्रह्मदेवाने दिवोदास राजाच्या काळी येथे दहा अश्वमेध केले. इतिहासकारांपैकी काशीप्रसाद जायसवाल यांनी हे नाव भारशिव नागराजांच्या दहा अश्वमेधांशी जोडले. भारशिवांच्या या यज्ञांचा आणि भागीरथीच्या जलाचा उल्लेख आढळतो तो विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत; अचलपूरजवळच्या चम्मक येथील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट हा त्यांपैकी प्रसिद्ध होय. हे वाकाटक लेख वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली संपादून प्रकाशित केले. आजचा दगडी घाट पेशवे बाळाजी बाजीराव यांनी १७४८ च्या सुमारास बांधून घेतला. शेजारीच अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे. म्हणजे घाटाच्या नावाचा एक पुरावा विदर्भात आहे आणि त्याच्या पायऱ्यांमागे मराठी राज्यकर्त्यांचा खर्च आहे. पण आपल्याला येथे हवे आहे ते नावातील ‘मेध’ हे पद. यज्ञ म्हणजे अग्नी, आणि अग्नी म्हणजे अग्नी सांभाळणारे पात्र.

२. उखा : संमिश्राची जुनी नोंद

अश्वमेधासारख्या मोठ्या यागांना अग्निचयनाची, म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या विधीची, जोड असे. चयनाच्या आरंभी ‘उखा’ नावाचे मातीचे पात्र घडवावे लागते. त्यात यजमान दीर्घकाळ अग्नी धारण करतो. शतपथ ब्राह्मणाच्या सहाव्या कांडात या पात्राच्या मातीची सिद्धता सांगितली आहे. मातीत बकऱ्याचे केस मिसळावेत, तसेच वाळूचे खडे, दगडाची पूड आणि लोखंडाचा गंज मिसळावा, असा विधी आहे. घडवलेल्या पात्राला घोड्याच्या लिदीचा धूर द्यावा आणि मग ते भाजावे, असेही तेथे सांगितले आहे.

या उताऱ्याचे महत्त्व त्याच्या कारणमीमांसेत आहे. ब्राह्मणग्रंथांची रीत अशी की, प्रत्येक कृतीमागे देवताविषयक अर्थ जोडायचा. येथेही तो जोडला आहे. केस घेताना त्या पशूचे दैवी नाते सांगितले आहे. परंतु त्याच वाक्यसमूहात, हे सारे दृढतेसाठी मिसळायचे, असे लौकिक प्रयोजनही नोंदले आहे. विधीची भाषा आणि कुंभाराची भाषा तेथे शेजारी शेजारी नांदतात.

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर उखा हे तंतू आणि कण या दोहोंनी बळकट केलेले मातीचे पात्र आहे. केस ओल्या मातीला सुकताना तडकू देत नाहीत. खडे आणि भरड पूड मातीचे आकुंचन कमी करतात. भाजताना मात्र केस जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ वाटा उरतात. म्हणजे येथे तंतू पात्राच्या घडणीत साहाय्य करतो, परंतु पक्क्या पात्रात तो शिल्लक नसतो. हा भेद पुढे निर्णायक ठरणार आहे.

३. मूषा आणि कापडमाती

यज्ञशाळेतून रसशाळेत आलो की, अग्नीची तीव्रता वाढते आणि काळाचे मोजमापही येते. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथाचा दहावा अध्याय मूषांना, म्हणजे धातू वितळवण्याच्या मातीच्या पात्रांना, वाहिलेला आहे. या ग्रंथाच्या प्रसाराचा आणि मराठी विद्वत्तेचा संबंध जवळचा आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९० साली छापला, आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात रसशास्त्र शिकवलेल्या दत्तात्रेय अनंत कुलकर्णी यांची त्यावरील ‘विज्ञानबोधिनी’ ही हिंदी टीका आजही अभ्यासक्रमात वाचली जाते.

या अध्यायात मूषेची माती कशी असावी हे प्रथम सांगितले आहे : दीर्घकाळ फुंकलेला अग्नी सोसेल अशी खडीयुक्त माती उत्तम, ती न मिळाल्यास वारुळाची किंवा कुंभाराची. त्या मातीत जाळलेला कोंडा, ताग, कोळसा, घोड्याची लीद घालून लोखंडी दांड्याने कुटायचे. वज्रमूषा, योगमूषा, गारमूषा, वृंताकमूषा असे प्रकार त्यांच्या मिश्रणानुसार व आकारानुसार केले आहेत. गारमूषेविषयी, दोन याम म्हणजे सुमारे सहा तास फुंकूनही ती वितळत नाही, असे तिच्या टिकाऊपणाचे माप दिले आहे. योगमूषेच्या आतल्या बाजूस ‘विड’ नावाच्या द्रव्याचा लेप द्यावा, असे विधान आहे. हा लेप मात्र पात्राचे रक्षण करण्यासाठी नसून आतील द्रव्यावर क्रिया घडवण्यासाठी आहे. सारेच लेप संरक्षक नसतात, हे येथेच ध्यानात ठेवावे.

संरक्षक म्हणावा असा लेप भेटतो तो कूपीपक्व रसायनांच्या प्रकरणी. रससिंदूर किंवा मकरध्वज तयार करताना पारा व गंधक यांची कज्जली काचेच्या कुपीत भरतात आणि ती कुपी वालुकायंत्रात, म्हणजे वाळूने भरलेल्या पात्रात, ठेवून तापवतात. उघडी काच या तापाने तडकेल. म्हणून कुपीवर मातीच्या चिखलात बुडवलेल्या कापडाचे थर देतात. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. असे सात थर देण्याची परंपरा आहे. मराठी वैद्य यालाच ‘कापडमाती’ म्हणतात, हिंदीत ‘कपडमिट्टी’. मग अग्नी मृदू, मध्यम आणि तीव्र अशा क्रमाने वाढवतात. प्रक्रिया संपली की, कुपी तशीच ‘स्वांगशीत’ होऊ देतात; ती आपली आपण निवावी लागते.

कापडमातीचे कार्य तीन प्रकारचे आहे. ती उष्णता सावकाश आत जाऊ देते, त्यामुळे काचेच्या आतील व बाहेरील पृष्ठांच्या तापमानांत मोठे अंतर पडत नाही. कापडाचे धागे वाळणाऱ्या मातीतील भेगा धरून ठेवतात. आणि तीव्र अग्नीत काच मऊ होऊ लागली तरी भाजलेल्या मातीचे कवच तिला आकार सोडू देत नाही. याउलट, अखेरीस औषध काढण्यासाठी कुपी फोडायची असते तेव्हा कापडमाती खरवडून काढतात, रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा कुपीभोवती बांधून पेटवतात आणि लगेच ओले फडके लावतात. काच त्या रेषेवर दुभंगते. ज्या औष्णिक आघातापासून कुपीला तासन्‌तास जपले, तोच आघात शेवटी हत्यार म्हणून वापरला जातो. यावरून या कारागिरांना आघाताचे स्वरूप नेमके ठाऊक होते, असे अनुमान निश्चित करता येते.

४. आधुनिक सिरॅमिक संमिश्र म्हणजे काय

याच नगरीत, बनारस हिंदू विश्वविद्यालयात, १९२४ पासून सिरॅमिक तंत्रविद्येचे स्वतंत्र अध्यापन होत आले आहे. तो विभाग आता भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा भाग आहे. तेथे ‘सिरॅमिक’ या शब्दाची व्याप्ती मातीच्या भांड्यांपुरती राहिलेली नाही. अॅल्युमिना, झिर्कोनिया, सिलिकॉन कार्बाइड अशी अधातू, कठीण आणि अतिशय उच्च तापमानाला वितळणारी द्रव्ये त्यात येतात.

या द्रव्यांचा मुख्य दोष ठिसूळपणा हा होय. धातूला ताण दिला तर तो वाकतो, वाकताना ऊर्जा गिळतो. सिरॅमिकमध्ये एखादी सूक्ष्म भेग पडली की ती क्षणार्धात आरपार जाते. यावरील उपाय म्हणजे सिरॅमिकच्याच आधारद्रव्यात सिरॅमिकचेच तंतू गुंफणे. १९७५ साली जपानमधील तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी सिलिकॉनयुक्त बहुवारिकापासून सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म तंतू काढण्याची रीत दाखवली आणि या विद्येला गती मिळाली. सिलिकॉन कार्बाइडच्या आधारद्रव्यात त्याच द्रव्याचे तंतू, अशा संमिश्राची घनता निकेलच्या उच्चतापसह मिश्रधातूंच्या सुमारे एकतृतीयांश असते आणि तो १,२०० ते १,३०० अंश सेल्सिअसपर्यंत काम देऊ शकतो.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तंतू आणि आधारद्रव्य यांची पकड घट्ट असेल तर संमिश्र ठिसूळच राहतो, कारण भेग आधारद्रव्यातून सरळ तंतूत शिरते. म्हणून प्रत्येक तंतूवर एक मायक्रोमीटरच्याही आतल्या जाडीचा, बोरॉन नायट्राइडचा किंवा कार्बनचा, मऊ थर दिलेला असतो. भेग तंतूपाशी आली की या थरात वळते, तंतू किंचित सरकतो, ऊर्जा विखुरते आणि वस्तू अखंड राहते. हा या पदार्थातील पहिला लेप. तो आत, डोळ्यांना न दिसणारा, आणि त्याचे काम बंध सैल ठेवण्याचे. उखेतील केस आणि या संमिश्रातील तंतू यांतला भेद आता स्पष्ट होईल : केस घडणीपुरता असतो, हा तंतू मात्र पदार्थाच्या संपूर्ण आयुष्यात भार वाहतो.

५. सहज कवच आणि त्याचा ऱ्हास

सिलिकॉन कार्बाइड तापलेल्या कोरड्या हवेत ठेवले तर त्याच्या पृष्ठावर ऑक्सिजनच्या संयोगाने सिलिकाचा पातळ थर आपोआप तयार होतो. हा थर दाट असतो, पुढील ऑक्सिजनला सावकाशच आत येऊ देतो, आणि जसजसा जाड होतो तसतशी त्याची वाढ मंदावते. काव्यशास्त्राची परिभाषा वापरायची तर हे ‘सहज’ कवच आहे, ‘आहार्य’ नव्हे. कर्णाचे कवच जसे देहाबरोबर आले, तसे हे पदार्थाच्या प्रकृतीतूनच येते. त्यामुळे प्रारंभी अभियंत्यांनी असे मानले होते की, या पदार्थाला वेगळ्या संरक्षणाची गरज पडणार नाही.

परंतु इंजिनातील हवा कोरडी नसते. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होते, आणि ज्वलनवायूत तिचे प्रमाण साधारणतः दहा टक्क्यांच्या घरात असते. उच्च तापमानाला ही वाफ सिलिकाशी संयोग पावून सिलिकॉन हायड्रॉक्साइड बनते. ते वायुरूप असल्याने वेगवान प्रवाहाबरोबर निघून जाते. खाली उघडे पडलेले कार्बाइड पुन्हा सिलिका निर्माण करते, ती पुन्हा उडून जाते. कवच सतत जन्मते आणि सतत नष्ट होते, आणि या चक्रात मूळ पदार्थ झिजत राहतो. अग्नी त्याला वितळवू शकत नाही. पण अग्नीतून जन्मलेले पाणी त्याला खाते. कर्णाच्या कथेत कवच रणात भेदले जात नाही, ते याचकाच्या रूपाने आलेल्या इंद्राला दिले जाते. येथेही ऱ्हास ज्वालेकडून न येता निरुपद्रवी वाटणाऱ्या वाफेकडून येतो. हे साम्य केवळ स्मरणसुलभतेसाठी आहे, त्यातून अधिक काही सिद्ध होत नाही.

हे कारण १९९० च्या दशकात स्पष्ट झाले आणि ‘पर्यावरणरोधक लेप’ ही नवी शाखा उदयास आली. पूर्वीच्या धातूंवरील लेपांचे काम मुख्यतः उष्णता अडवण्याचे होते. नव्या लेपांचे काम वाफ अडवण्याचे आहे. नावातील हा बदल म्हणजे शत्रूच्या ओळखीतील बदल होय.

६. चांगल्या लेपाच्या अटी

असा लेप निवडताना कोणत्या अटी पाळाव्या लागतात, हे क्रमाने पाहू.

पहिली अट प्रसरणाची. तापल्यावर प्रत्येक पदार्थ वाढतो, पण सारख्या प्रमाणात नव्हे. सिलिकॉन कार्बाइडचा एक मीटर लांबीचा दांडा हजार अंशांनी तापवला तर तो सुमारे पाच मिलिमीटर वाढतो. झिर्कोनियाचा तसाच दांडा सुमारे दहा मिलिमीटर वाढतो. त्यामुळे धातूंवर उत्तम ठरलेला झिर्कोनियाचा लेप या संमिश्रावर टिकत नाही. थंड होताना तो अधिक आकसू पाहतो आणि तडकतो. लेप आणि देह यांची उष्णतेला मिळणारी प्रतिक्रिया जुळती असावी लागते.

दुसरी अट दाटपणाची. लेपाला आरपार भेगा किंवा छिद्रे असता कामा नयेत, कारण वाफेला एक भेग पुरते. आपल्या स्तोत्रवाङ्मयातील कवचप्रकार येथे आठवतो. रामरक्षेसारख्या कवचस्तोत्रात मस्तकापासून पायांपर्यंत एकेक अवयव स्वतंत्रपणे नाव घेऊन रक्षणाखाली आणला जातो. ही यादी अलंकरणापुरती नसते. वगळलेला अवयव हा उघडा अवयव, ही तिची धारणा असते. लेपतंत्रज्ञही कडा, कोपरे आणि छिद्रे यांची अशीच यादी करून तपासणी करतात.

तिसरी अट रासायनिक स्थैर्याची. लेपाने वाफेशी संयोग पावू नये आणि खालच्या थराशीही भांडू नये. पहिल्या पिढीत म्युलाइट हे अॅल्युमिना व सिलिका यांचे संयुग वापरले गेले. त्याचे प्रसरण जुळते, परंतु वाफ त्यातील सिलिका काढून नेते आणि मागे अॅल्युमिनाचा सच्छिद्र सांगाडा उरतो. दुसऱ्या पिढीत बेरियम व स्ट्रॉन्शियम यांचे अॅल्युमिनोसिलिकेट आले. कॅलिफोर्नियातील एका औद्योगिक वायुचक्कीत संमिश्राच्या ज्वलनकक्ष-अस्तरांची चाचणी झाली, तेव्हा लेपाविना असलेली अस्तरे सुमारे ५,००० तासांत काढावी लागली, तर लेप दिलेली सुमारे १४,००० तास टिकली. मात्र १,३०० अंशांच्या पुढे हा लेप खालच्या सिलिकाशी मिसळून कमी तापमानाला वितळणारी काच बनवतो. म्हणून तिसऱ्या पिढीत दुर्मीळ मृदा धातूंच्या, विशेषतः यटर्बियमच्या, सिलिकेटांकडे संशोधक वळले. त्यांपैकी यटर्बियम डायसिलिकेटचे प्रसरण सिलिकॉन कार्बाइडच्या जवळचे आहे. मोनोसिलिकेट वाफेला अधिक दाद देत नाही, पण त्याचे प्रसरण जास्त आहे. एका गुणासाठी दुसरा सोडावा लागतो, आणि निवड ही नेहमीच तडजोड असते.

चौथी अट चिकटण्याची. वरचा थर थेट संमिश्रावर न देता मध्ये शुद्ध सिलिकॉनचा बंधक थर देतात. तो १,४१४ अंशांना वितळतो, म्हणून साऱ्या रचनेची कमाल मर्यादाही तोच ठरवतो. संपूर्ण लेपाची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. तो बहुधा प्लाझ्माच्या झोतातून वितळलेल्या कणांचा फवारा मारून चढवला जातो.

पाचवी अट निवण्याची. वाफ कितीही अडवली तरी काही ऑक्सिजन आत झिरपतोच आणि सिलिकॉनच्या थरावर सिलिकाची पातळ पापुद्री वाढते. तप्त अवस्थेत ती निरुपद्रवी असते. परंतु यंत्र बंद होऊन तापमान सुमारे अडीचशे अंशांच्या आसपास उतरले की, त्या सिलिकाची स्फटिकरचना बदलते, तिचे घनफळ एकदम कमी होते आणि तिला भेगा जातात. अशा अनेक आवर्तनांनंतर वरचा लेप सुटून येतो. धोका ज्वालेत असतो तितकाच निवण्यातही असतो. रसशास्त्राने ‘स्वांगशीत’ या एका शब्दात बांधलेली सूचना येथे नव्या कारणाने पुन्हा भेटते. कारण निराळे, सावधगिरी तीच.

सहावी अट धुळीची. हवेतून आत ओढली गेलेली धूळ, वाळू किंवा ज्वालामुखीची राख १,२०० ते १,२५० अंशांना वितळून काचेसारखी पसरते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचा हा रस लेपात झिरपतो आणि त्याला विरघळवतो. उन्हाळ्यात धुळीने भरणाऱ्या गंगेच्या खोऱ्यावरून उडणाऱ्या विमानांना ही अडचण पुस्तकी नाही. सिलिकॉन कार्बाइड संमिश्राची कडी असलेली ‘लीप’ इंजिने २०१६ पासून प्रवासी विमानांत आहेत आणि भारतातील अनेक विमानकंपन्या ती वापरतात. यंत्राचा लेप मातीनेच विरघळावा, हा या विषयातील अद्याप पुरता न सुटलेला प्रश्न आहे.

७. दोन उदाहरणे

लेपाच्या सामर्थ्याची आणि मर्यादेची कल्पना दोन घटनांवरून येईल. अमेरिकन अवकाशयानांच्या नाकावर आणि पंखांच्या अग्रधारेवर कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनचे पत्रे असत. कार्बन अत्युच्च तापमानातही बळकट राहतो, परंतु ऑक्सिजनच्या सान्निध्यात तो जळतो. म्हणून त्याच्यावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप आणि त्यातील सूक्ष्म भेगा बुजवणारे काचसदृश लिंपण असे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले आणि सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा डाव्या पंखाच्या अग्रधारेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना तेथील भगदाडातून तप्त वायू पंखात शिरले आणि यान विदीर्ण झाले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशीच्या काळात तसाच फेसाचा तुकडा तशाच पत्र्यावर मारून पाहण्यात आला, तेव्हा पत्र्याला मोठे भोक पडले. लेप येथे आपल्या कामात उणा पडला नव्हता. तो ऑक्सिजनसाठी होता, आघातासाठी नव्हता. आणि आघाताचा विचार पुरेशा गांभीर्याने झाला नव्हता. ‘कवच आहे’ एवढे ज्ञान पुरत नाही, ते कोणाविरुद्ध आहे हेही ठाऊक असावे लागते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाची नळी पूर्वी कोलंबियम, म्हणजेच नायोबियम, मिश्रधातूची असे. विक्रम साराभाई अवकाश केंद्राने तिच्या जागी कार्बन-कार्बन संमिश्राची नळी तयार केली आणि तिच्यावर ऑक्सिडीभवन रोखण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिला. महेंद्रगिरी येथे १९ मार्च २०२४ रोजी ६० सेकंदांची आणि २ एप्रिलला २०० सेकंदांची चाचणी झाली. दुसऱ्या चाचणीत नळीचे तापमान १,२१६ केल्व्हिन नोंदले गेले. नळीच्या वजनात सुमारे ६७ टक्के घट झाल्याने प्रक्षेपकाची वाहकक्षमता सुमारे १५ किलोग्रॅमने वाढेल, असे इस्रोने त्या वेळी जाहीर केले. लेपाचे मोल येथे किलोग्रॅममध्ये मोजता येते.

८. तुलनेची रीत

आता मूळ पद्धतीविषयक प्रश्नाकडे येऊ. उखा, मूषा, कापडमाती आणि पर्यावरणरोधक लेप ही एका ओळीत मांडली की, दोन प्रकारचे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक असा की, जे आज प्रयोगशाळेत आहे ते सारे आपल्या ग्रंथांत होतेच. दुसरा त्याच्या उलट : जुने ग्रंथ म्हणजे केवळ विधी आणि गूढवाद, त्यांत तंत्रविचार शोधणेच व्यर्थ. दोन्ही निष्कर्ष पाठ न वाचता काढलेले आहेत.

तौलनिक साहित्याने प्रभावाचा अभ्यास आणि साधर्म्याचा अभ्यास यांत भेद केला आहे. येथे प्रभाव दाखवता येत नाही. तोहोकूच्या तंतूंना शतपथाची प्रेरणा नव्हती. साधर्म्य मात्र आहे, आणि ते उत्तरांत नसून प्रश्नांत आहे. ठिसूळ द्रव्याला अखंड कसे राखावे, ताप कसा चढवावा व उतरवावा, थर किती आणि कोणत्या क्रमाने द्यावेत, हे प्रश्न तिन्ही ठिकाणी समान आहेत. उत्तरे मात्र आपापल्या ज्ञानव्यवस्थेची आहेत. केस जळून जातो, तंतू टिकतो. कापडमाती औष्णिक आघात सोसते, यटर्बियमचा लेप वाफ अडवतो. हे भेद पुसून टाकले तर तुलना उरत नाही, केवळ गौरव उरतो. आणि गौरवाने पाठ अधिक समजत नाही.

उलटपक्षी, हे भेद नीट मांडले तर जुने पाठही नव्याने वाचता येतात. गारमूषेच्या ‘दोन याम’ या मापाला आपण अतिशयोक्ती समजून ओलांडून जात होतो. पदार्थाच्या टिकाऊपणाचे माप तापमानाने नव्हे तर तापमान आणि काल या दोहोंनी द्यावे लागते, हे कळल्यावर त्या उल्लेखातील नेमकेपणा दिसतो. औद्योगिक चाचणीचे अहवालही तासांतच बोलतात. ‘स्वांगशीत’ हा शब्द केवळ विधीचा उपचार नाही, हेही असेच कळते. दुसरीकडे, मूषा एखाद्या अद्भुत द्रव्याला वितळवते अशी विधाने मात्र त्याच ग्रंथात असली तरी त्यांना समान प्रामाण्य देता येणार नाही. तेथे पाठाची शैली बदललेली असते आणि वाचकाने ती ओळखली पाहिजे. एकाच ग्रंथातील मोजमापाची भाषा आणि महिम्याची भाषा वेगळी काढणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे कौशल्य आहे, अभियंत्याचे नव्हे.

परिभाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. मराठीत ‘लेप’, ‘लिंपण’, ‘पुट’, ‘मुलामा’, ‘कल्हई’, ‘झिलई’ हे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. कल्हई धातूला आम्लापासून वाचवते, मुलामा रूप देतो, झिलई मातीची छिद्रे बुजवते, पुट संस्कार करते, लिंपण भेग भरते. इंग्रजीतील एका सर्वसमावेशक शब्दासाठी आपण सर्वत्र ‘लेप’ किंवा ‘आवरण’ योजतो तेव्हा हे भेद हरवतात. वरील विवेचनातील तंतूवरचा थर, बंधक थर, रोधक थर आणि भेगा बुजवणारे लिंपण यांना आपल्या भाषेत निरनिराळी नावे देता येतात, कारण त्या कामांची ओळख आपल्या कारागिरांना आधीपासून आहे. शास्त्रीय मराठी घडवताना कोशाबरोबरच कासार, कुंभार आणि वैद्य यांच्या बोलीकडेही वळावे लागेल.

९. समारोप

सिरॅमिक संमिश्रांना लेप का लागतो, या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. हे पदार्थ ताप सोसतात, पण तापाबरोबर येणारी वाफ, ऑक्सिजन आणि वितळलेली धूळ सोसत नाहीत. त्यांचे सहज कवच वाफेपुढे टिकत नाही, म्हणून आहार्य कवच चढवावे लागते. ते कवच देहाशी मिळून वाढणारे व आकसणारे, दाट, स्थिर आणि घट्ट धरलेले असावे लागते. आणि ते नेमके कोणत्या शत्रूसाठी आहे हे त्याच्यावर विसंबणाऱ्यांना ठाऊक असावे लागते. यांतील शेवटची अट तांत्रिक वाटत नाही, तरी ती चुकल्याची किंमत सर्वांत मोठी पडली आहे.

दशाश्वमेधाच्या पायऱ्यांवर मातीच्या पणत्या लागतात, त्याच नगरीत रसशाळेच्या कुपीला अजूनही कापडमाती दिली जाते, आणि काही अंतरावर सिरॅमिकच्या विद्यार्थ्यांना प्रसरणांकांचे कोष्टक शिकवले जाते. या तीन ठिकाणच्या माणसांना एकमेकांचे ग्रंथ वाचता येतील अशी भाषा घडवणे हे मराठी अध्यासनासारख्या संस्थेचे काम आहे. त्या कामाची सुरुवात साम्यांच्या यादीपेक्षा भेदांच्या काळजीपूर्वक नोंदीने झाली, तर ती अधिक टिकाऊ होईल.